रूथ परत आली

प्रिय शम्या,
जय ख्रिस्त.

तीन वर्षं पत्र नाही, फोन नाही. शिव्या भेटीत घाल. माझी साखर आहे तशीच, मेरीचे गुडघेही.

आमची रूथ नवऱ्याचं घर सोडून परत आली. दोन बॅगा आणि पोळपाट घेऊन. पोळपाट कशाला, हे विचारायची हिंमत मला होत नाही.

तिच्या लग्नातलं माझं भाषण आठवतंय? तू मागून घड्याळ दाखवत होतास. "लग्न म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार नव्हे, हा देवासमोरचा करार!" जेवताना तू म्हणालास, "दान्या, मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, जपून." मी चिडलो होतो. आता तोच शब्द झोपू देत नाही.

परवा चर्चचे पाळक आले. बायबल उघडलं: मलाखी, दुसरा अध्याय, सोळावं वचन: देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे. प्रार्थना केली, चहा घेतला, गेले. मग रूथनं तेच बायबल पुढे ओढून चौदावं वाचलं. तिथं देव कुणाला झापतोय? नवऱ्याला! तुझ्या कराराच्या बायकोशी तू विश्वासघात केलास म्हणून. मी इतकी वर्षं संडे स्कूल घेतो, आणि हे मला पोरीनं दाखवावं.

मग मी हुकमाचा एक्का काढला, उत्पत्ती १५, देवाचा अब्रामाशी करार. हो, तोच, ज्याच्यावरून तू माझ्या कंदिलाची काच फोडली होतीस. हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. कालवड, शेळी, मेंढा मधोमध चिरून समोरासमोर मांडायचे आणि मधून चालायचं: मोडला तर माझीही हीच गत होवो. पण अब्रामनं काय केलं? त्या मांसावरची गिधाडं हाकलली, आणि मग तो तर गाढ झोपलेला! धुमसती भट्टी आणि मशाल होऊन देव एकटाच मधून गेला. म्हटलं, बघ, एकानं पाळला तरी करार टिकतो.

रूथ म्हणाली, "बाबा, तो देव होता. मी सहा वर्षं नुसती गिधाडं हाकलली."

माझी बोलतीच बंद झाली.

हॉस्टेलच्या गच्चीवर तू सीनाय डोंगरावरच्या, नियमशास्त्राच्या कराराचा वकील असायचास. लोक 'सर्व करू' म्हणाले, मोशेनं रक्त शिंपडलं, आणि तो डोंगरावरून उतरेपर्यंत खाली सोन्याचं वासरू! मी गलतीकरांस पत्र फेकायचो: ४३० वर्षांनी आलेलं नियमशास्त्र अब्रामाला आधी दिलेलं वचन रद्द करत नाही. तुला गप्प केल्याचा आनंद काय वर्णावा. काल रात्री मात्र यिर्मया संदेष्ट्याचा ३१वा अध्याय वाचला. 'मी त्यांचा पती असूनही त्यांनी माझा करार मोडला.' मोडला, असं देवच म्हणतो, आणि मग नव्या कराराचं बोलतो. त्याआधी यिर्मया ३:८ मध्ये इस्राएलाला सूटपत्र त्यानंच दिलंय. ज्यानं करार पाळला, त्यानं! हे वचन मी वर्गात कधी घेतलं नाही. टाळलं, तुझ्याशी काय खोटं बोलू. तू लगेच म्हणशील, त्याच अध्यायाच्या चौदाव्या वचनात तो 'परत या' म्हणतो. माहीत आहे रे. म्हणून तर तुला लिहितोय. त्या जावयाला 'परत ये' कुणी म्हणायचं? रूथनं? मी?

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, त्याच नव्या कराराचा प्याला. ती माझ्याशेजारी बसणार म्हणते, पहिल्या बाकावर.

तुझ्या नातवाचा बाप्तिस्मा झाला म्हणे, अभिनंदन. पेन्शन सुरू झाली का?

शनिवारी ये. माझा हिब्रू शब्दकोश आण, तो माझाच आहे. शमुकाका येणार म्हटल्यावर रूथ मटणाचं बोलली. पोळ्या तिच्या पोळपाटावर.

तुझा,
दान्या