आवाज बंद करून चित्रपट पाहणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे, कारण ते आधी बाबांनी वाचावे अशी माझी इच्छा आहे. तुम्हाला ते मी समोर बसून इंग्रजीत वाचून दाखवीनच. एडिंबरातल्या ग्रंथालयात, डीव्हीडींच्या कपाटापाशी आपली ओळख झाली, त्याला आता दोन महिने होत आले. त्या दिवशी तुम्ही अंगावर घेतलेले काम तुमच्या लेखी किरकोळ असेल, पण त्याने आमच्या घरात काय घडले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

बाबा 74 वर्षांचे आहेत. कोल्हापूरच्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून, म्हणजे छपाईसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात, त्यांची सारी हयात गेली आणि यंत्रांच्या खडखडाटात हळूहळू कानही गेले. श्रवणयंत्र लावले की आवाज कळतो, शब्द कळत नाहीत, आणि त्यात इथले स्कॉटिश उच्चार. बाबुराव पेंटरांनी ज्या गावात मूकपट काढले त्या गावचा, आजोबांच्या तोंडून त्या मूकपटांच्या गोष्टी ऐकत वाढलेला हा माणूस इथे आल्यापासून पडद्याकडे पाठ करून बसू लागला होता. मी शेजारी बसून कानात सांगत असे, पण माझे सांगून होईपर्यंत दृश्य पुढे निघून गेलेले असे.

तुमच्याआधी मी बऱ्याच जाणकारांना विचारले होते. इथल्या एका चित्रपटप्रेमी मंडळाकडे मी अगदी नेमकेपणाने मागणी केली होती: ब्रिटनचे आणि आयर्लंडचे, फारसे कोणी न पाहिलेले, पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कळतील असे चित्रपट सुचवा. उत्तरादाखल आली ती हेरांची आणि राजवाड्यांची, बाबांनी कोल्हापुरातच ऐकलेली नावे. एका गृहस्थांनी उच्चार कळले नाहीत तर चित्रपटात उरतेच काय, असे मला विचारले. दुसऱ्यांनी वडिलांना हिंदी चित्रपट लावून द्या, म्हणून विषय संपवला. त्याच मंडळाच्या एका खेळाला मी बाबांना कुजबुजून सांगत होते, तेव्हा आम्हाला बाहेर जाऊन बोलण्यास सांगण्यात आले. बाबा निमूट उठले. परतताना बसमध्ये ते एवढेच म्हणाले, "माझ्यापायी तुझा सिनेमा बुडाला." ते वाक्य आजही माझ्या मनातून गेलेले नाही.

तुम्ही मात्र मला एकच प्रश्न विचारलात: "त्यांना वाचायला आवडते का?" ज्या माणसाने चाळीस वर्षे शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरे सुलटी वाचावीत तशी भराभर वाचली, त्याच्याबद्दल हा प्रश्न याआधी कोणालाच सुचला नव्हता. पंधरवड्याने ग्रंथालयात तुम्ही माझ्यासाठी ठेवलेला लिफाफा मिळाला. आत नऊ चित्रपटांची यादी होती आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहिलेला शेरा होता.

'पॉचीन', 1978, दिग्दर्शक बॉब क्विन. आयरिश भाषेतला पहिला पूर्ण लांबीचा कथापट. त्यापुढे तुम्ही लिहिले होते: "इथे माझ्यासह सगळेच सबटायटल वाचतात." लेनी अब्राहमसन यांच्या 2007 च्या 'गॅरेज'पुढे होते: "बोलणे थोडे, चेहरा पाहा." एरवी विनोदासाठी ओळखला जाणारा पॅट शॉर्ट आडगावच्या पेट्रोल पंपावरचा साधाभोळा जोसी झाला आहे, आणि खरोखरच त्याच्या चालण्याउठण्यातूनच त्याचे एकटेपण कळते. सफक परगण्यातल्या गावकऱ्यांनाच घेऊन पीटर हॉल यांनी 1974 मध्ये केलेल्या 'एकनफील्ड'वर तुम्ही काट मारली होती: "सुंदर आहे, पण बोली मलाही नीट कळली नाही." आपल्याला आवडलेले नाव दुसऱ्याच्या सोयीसाठी खोडणारा रसिक मी पहिल्यांदाच पाहिला.

पण माझा हात थांबला तो सर्वांत वरच्या नावावर. बिल डग्लस यांचा 'माय चाइल्डहूड', 1972. पुढे लिहिले होते: "आवाज बंद करून पाहिला. कळतो."

बाई, हे पाच शब्द मी किती वेळा वाचले असतील! तुम्हाला चांगले ऐकू येते. ज्यांना तुम्ही कधी पाहिलेही नव्हते अशा एका परक्या म्हाताऱ्या माणसाला काय दिसेल आणि काय निसटेल, हे जाणून घेण्यासाठी तुम्ही आपल्या घरी आवाज बंद करून बसलात. स्वतःची आवड दुसऱ्याच्या हाती ठेवणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याच्या जागी जाऊन बसणारा माणूस क्वचितच भेटतो, आणि असा माणूस आपण काही खास करतो आहोत असे स्वतःला मुळीच वाटू देत नाही. चांगुलपणा म्हणतात तो हाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चित्रपट जेमतेम पाऊण तासाचा, कृष्णधवल. एडिंबराच्या कडेचे न्यूक्रेगहॉल हे कोळशाच्या खाणीचे गाव, दुसऱ्या महायुद्धाचा शेवट, आजीजवळ वाढणारी दोन पोरे. डग्लस यांनी त्यात स्वतःचेच बालपण मांडले आहे. धाकटा जेमी एका दृश्यात कपात गरम पाणी ओततो, मग ते ओतून टाकतो आणि तो रिकामा, ऊबदार कप आजीच्या गारठलेल्या हातांत ठेवून तिची बोटे त्याभोवती मिटवतो. एक शब्द नाही. बाबांनी मला थांबवायला सांगितले आणि म्हणाले, "पाणी का ओतून टाकलं, कळलं का तुला? म्हातारीचे हात थरथरतात. सांडलं असतं तर भाजली असती."

मला ते कळले नव्हते. कित्येक महिने मी त्यांना चित्रपट समजावत होते. त्या रात्री बाबांनी मला समजावला. नंतर तासभर ते बोलत होते, कुठे कॅमेरा हलतच नाही, कुठे दोन दृश्यांमधली जागा डग्लस मुद्दाम कोरी सोडतात, "मजकुरात योग्य जागी कोरी ओळ सोडावी तशी". लहानपणी डग्लस जॅमच्या रिकाम्या बरण्या देऊन थिएटरात शिरत, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते खुदकन हसले. पुढच्या शनिवारी आम्ही बसने न्यूक्रेगहॉलला गेलो आणि बोचऱ्या वाऱ्यात अर्धा तास नुसते हिंडलो. 'माय एन फोक' आणि 'माय वे होम' हे पुढचे दोन्ही भाग बाबांनी त्याच आठवड्यात पाहिले, दुसरा तर दोनदा. त्यांना तुमचे नाव नीट उच्चारता येत नाही, म्हणून घरात तुम्ही "पेन्सिलवाल्या बाई" आहात.

यादीतला डग्लस यांचाच 'कॉम्रेड्स', 1986, तेवढा उरला आहे. डॉर्सेटमधल्या टॉलपडलच्या ज्या सहा शेतमजुरांना संघटना उभारताना शपथ घेतली म्हणून 1834 मध्ये ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर धाडले, त्यांची ही कथा तीन तासांची आहे आणि बाबांनी ती मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. एप्रिलमध्ये ते कोल्हापूरला परततील. त्याआधी एका रविवारी दुपारी जेवायलाच या. तुमची खुर्ची आम्ही समोर ठेवू, सबटायटल बाबांसाठी लावू, आणि या वेळी आवाज सुरू ठेवू, तुमच्यासाठी.

आपली कृतज्ञ,
कोल्हापूरच्या कंपोझिटरांची मुलगी