तळजाईवर जाणं बंद पडलं, त्याबद्दल

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, तळजाईच्या टेकडीवर सकाळी चालायला जाणं एकोणिसाव्या दिवशी बंद पडलं. माझ्यात चिकाटीच नाही." रात्री दीडपर्यंत मोबाईल बघायची सवय मात्र कुणी न शिकवता लागली, हेही तूच सांगितलंस. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

चिकाटी तुझ्यात आहे. तुझं बारावीचं वर्ष मी जवळून पाहिलंय. अडचण दुसरीकडे आहे, आणि ती मला तंबाखूने शिकवली.

मी २२ वर्षांचा होतो. वर्कशॉपमध्ये रात्रपाळीला शेजारच्या मिस्त्रींनी मळून हातावर ठेवली. पहिल्यांदा गरगरलं, उचकी लागली. चौथ्या-पाचव्या वेळी बरं वाटायला लागलं. ती सवय लावायला मला काय कष्ट पडले? पुडी खिशात, चुन्याची डबी खिशात, मळायला एक मिनिट आणि गप्पांना चार माणसं. चुना नुसता चवीसाठी नसतो, बाळा. त्याच्यामुळे निकोटीन तोंडातून लवकर रक्तात उतरतं. बार भरला की काही मिनिटांत मोबदला रोख मिळायचा. नुकसान सगळं उधारीवर. त्याची वसुली वीस वर्षांनी झाली, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा. तुझी आई त्या रात्री जेवली नव्हती.

चालण्याचं बरोबर उलटं. कष्ट रोख, मोबदला उधार. साडेपाचला उठा, बूट घाला, पहिले पंधरा दिवस पोटऱ्या दुखवून घ्या. आणि हाती काय लागतं? रक्तातली साखर वाढली नाही, एवढंच. जे घडलंच नाही, त्याचा आनंद कसा व्हायचा? लांबच्या सुखाची किंमत मन कमीच धरतं. तुझं तसं झालं, माझंही झालं होतं.

शिवाय जुनी सवय पुसली जात नाही. सोडून सात वर्षं झाली, तरी कुणाच्या हातात चुन्याची डबी दिसली की माझा अंगठा तळहातावर फिरतो. मेंदू नुसती खूण दिसली तरी सुखाची वाट बघायला लागतो. तुझ्या उशाशी मोबाईल असतो, तीच तुझी डबी. चार्जर स्वयंपाकघरात लाव.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचला होता. ९६ जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक नवी गोष्ट निवडली आणि रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडली, जसं न्याहारीनंतर लगेच. १२ आठवडे त्यांची नोंद ठेवली. गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर एकाच्या बाबतीत हिशोबाने काढलेला अंदाज २५४ पर्यंत गेला. पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाला जास्त दिवस लागले. आणि मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. हे मी दोनदा वाचलं. तू तर एकोणिसाव्याच दिवशी स्वतःला नापास केलंस!

माझं चालणं टिकलं ते दूधवाल्यामुळे. तो पावणेसहाला येतो. पातेलं आत ठेवलं की मी तसाच बाहेर पडतो. बूट दारातच असतात. आणि खरं सांगायचं तर आमच्या इथल्या 'चार भिंती'च्या टेकडीवर दोन दोस्त भेटतात, एकजण थर्मासमध्ये चहा आणतो. सुरुवातीला मी त्या चहासाठीच चढत होतो. तब्येतीसाठी चढतोय हे पटायला वर्ष गेलं. त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

सव्वासहाला मी वर पोचलेलो असतो. उद्या तळजाईला निघालीस की फोन लाव. तू तिकडे चाल, मी इकडे चालतो. आईला नवीन कुंड्या आणायच्या आहेत, त्याचंही बोलायचंय.

तुझा,
बाबा