बावीस कलमांच्या आधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ऑनलाइन समुदायाचे मॉडरेटरपद हाती येताच तू 22 कलमांची नियमावली लिहून काढलीस, हे वाचून मला माझेच जुने दिवस आठवले.

माझीही नियमावली अशीच ऐसपैस होती. एका रात्री मी एका सदस्याची पोस्ट उडवली. भाषा सभ्य होती, मुद्दा विषयाला धरून होता. त्याचा तिरकस सूर तेवढा मला कित्येक दिवस खुपत होता. दोन मिनिटांत त्याचा निरोप आला : "कोणत्या कलमाखाली?" तेव्हा मी नियमावली उघडून, त्या पोस्टला लावता येईल असे कलम शोधत बसलो, आणि 'वातावरण बिघडवणे' हे सापडलेही. त्यात काय बसले नसते? पोस्ट परत आणली, माफी मागितली.

त्यानंतर मी हा समुदाय कशासाठी आहे, हे एका वाक्यात लिहून सर्वांत वर लावले. पोस्ट उडवण्यापूर्वी, तिच्यामुळे त्या कामात अडथळा येतो का, एवढेच मी स्वतःला विचारतो. इंग्रजी विकिपीडियावर, उघड नासधुशीसारखे अपवाद वगळता, एकाच पानावर 24 तासांत तीनपेक्षा अधिक वेळा इतरांचे बदल उलटवणाऱ्याला रोखता येते, मग त्याचे म्हणणे बरोबर का असेना. मला हा नियम फार शहाणा वाटतो, कारण त्यात निवाडा वागणुकीचा होतो, मताचा नाही.

शिक्षेबाबत मात्र मी कुरणांकडून आणि कालव्यांकडून शिकलो. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना, कुरणे, कालवे यांसारखी सामायिक संपत्ती दीर्घकाळ सांभाळणाऱ्या समुदायांत असे दिसले होते की नियम ठरवण्यात वापरणाऱ्यांचाच वाटा असतो आणि दंड सौम्यापासून सुरू होऊन चढत जातो. म्हणून मी आधी खासगीत समज देतो, मग काही दिवसांची बंदी, आणि अगदीच नाइलाज झाला तर कायमची. तडकाफडकी हाकललेला माणूस (हा स्वानुभव!) नवे खाते उघडून दुप्पट रागाने परततो.

तुझा मसुदा सदस्यांपुढे ठेव, त्यांना खाडाखोड करू दे. एकोणिसावे कलम तेवढे तू स्वतःच आज काढून टाक. 'वातावरण बिघडवणे' तिथेही आहे.

तुझा स्नेही