बिल्ले, मांगा आणि देवघेवीची वही

मुंबई
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय दिल्या,

पत्र का नाही, असं विचारू नकोस. तुझंही आलेलं नाही, म्हणजे फिटंफाट. तब्येत बरी, गोळ्या चालू. हे इथे दुसऱ्या कुणाला सांगावं तर तो ‘बरं, मग?’ म्हणेल, म्हणून तुला लिहितोय.

आमच्या वाचनालयात शाळकरी पोरांसाठी घेतो त्या ‘किशोर शनिवार’ला आज हॉल भरला होता. कार्यक्रम संपल्यावर कार्यवाह खाली आले, देवघेवीची वही उघडली, बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत गेले आणि म्हणाले, “मुलं इथे वाचायला येतात की बिल्ले ठोकायला?” वहीत आजच्या पोरांची नावं जवळजवळ नव्हतीच. मंगळवारी कार्यकारिणीची बैठक आहे आणि उपक्रमाचा खर्च विषयपत्रिकेवर आहे. आपले अण्णा अध्यक्ष असते तर चहावर भागलं असतं. आता टिपण द्यावं लागणार.

तू म्हणशील, मी वर्गात हेच सांगत होतो. थांब जरा. पोरं वाचत नाहीत हे निदानच चूक आहे. हॉल आणि देवघेवीची खिडकी यांच्यामध्ये जे आहे, तिथे घोडं अडतं.

बिल्ल्यांचंच घे. अठ्ठावन्न मिलिमीटरचं यंत्र, त्याला कागदाचं वर्तुळ साधारण सत्तर मिलिमीटरचं लागतं, कारण कड पत्र्यामागे दुमडली जाते. पोरं चित्र कडेपर्यंत काढतात आणि मग हिरोचे केस मागे जातात. म्हणून आत अठ्ठावन्नचं वर्तुळ पेन्सिलीने आखून द्यायचं आणि चेहरा त्याच्या आत ठेवायला सांगायचं. कागद ऐंशी ते शंभर जीएसएम. ड्रॉइंगचा जाड कागद घातला की यंत्र अडकतं. आधी पत्रा, त्यावर चित्र, त्यावर पारदर्शक फिल्म. पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटतात, दोन गेल्या की कड बसत नाही, म्हणून नखाने सुटी करून घ्यायची. पिनेची दिशा पाहिली नाही तर शर्टावर मुंडकं तिरकं बसतं. एवढं सांभाळलं तर एक बिल्ला मिनिटभरात होतो. पण यंत्र एक आणि पोरं पंचवीस, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांची रांग. ती रांग कुठून जाते, यावर सगळं अवलंबून आहे दिल्या! भिंतीकडून गेली तर पोरं मोबाइल काढतात. मांगा (जपानी चित्रकथा) आणि भयकथांच्या रॅकला लागून गेली तर हात आपोआप पुस्तकाकडे जातो. आमच्याकडे यंत्राला लागणारं टेबल जिन्याखाली आहे, कारण ‘हॉलमधलं सागवानी टेबल खराब होईल’. कोणाचं वाक्य, ते तू ओळखलं असशीलच.

आता मांगा. तुझा ‘रद्दीवाल्याचा माल’ हा शब्दप्रयोग मी विसरलेलो नाही. घेताना शंभराच्या वर खंड असलेली मालिका घ्यायचीच नाही, कपाट आणि अंदाजपत्रक दोन्ही खाते. आठ-दहा खंडांत संपलेली बघायची आणि पहिल्या खंडाच्या दोन प्रती घ्यायच्या, कारण पहिला खंड एकाकडे अडकला की मागची सगळी मालिका झोपते. वयाची खूण काही प्रकाशकांच्या पुस्तकांवर मागे असते: ‘टी’ म्हणजे तेरापासून, ‘टी प्लस’ सोळापासून, ‘एम’ अठरा. ‘एम’ किशोर रॅकवर नाही, हे टिपणात लिहून टाकायचं, म्हणजे पुढचा प्रश्न संपला. हार्डबाउंड बांधणी करायची नाही, शिवणीत आतला समास जातो आणि दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध गिळलं जातं. पारदर्शक कव्हर पुरे.

आणि तारखेची चिठ्ठी! पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं. आमच्या शिपायाने नेहमीप्रमाणे आपल्या हिशेबाने पहिल्या पानावर चिठ्ठी डकवली. ते पान खरं तर शेवटचं. इंग्रजी आवृत्तीत तिथेच बहुधा ‘तुम्ही उलट्या बाजूने वाचताय’ अशी सूचना छापलेली असते. चिठ्ठीने नेमकी तीच झाकली. पुढच्या पोरीने शेवटापासून सुरुवात केली आणि खलनायक कोण ते तिला आधीच कळलं.

वर्गांकावरून भांडू नकोस. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात कॉमिक्स 741.5, म्हणजे रेखाचित्रं शिकवणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी. तिथे तेरा वर्षांचं पोर कशाला जाईल? वर्गांक आहे तोच ठेवायचा, पाठीवर वेगळ्या रंगाची पट्टी लावायची आणि रॅक दारापाशी. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांनी 1931 साली जे पाच नियम छापले, त्यांतला चौथा सांगतो की वाचकाचा वेळ वाचवा. त्यांच्या नावाने ड्युईची बाजू लढवणारा अख्ख्या बॅचमध्ये तू एकटाच होतास. त्या माणसाने ड्युईला सोडून स्वतःची वर्गीकरणाची द्विबिंदू पद्धत काढली होती रे!

प्रश्नमंजूषेत मात्र मी तुझी कल्पना सरळ उचलली आहे, श्रेय देणार नाही. चौघांचे संघ, चिठ्ठ्या टाकून, नाहीतर एका शाळेची टोळी सगळं जिंकते. अ‍ॅनिमेवर (जपानी कार्टून) एकच फेरी, के-पॉपवर (कोरियन गाणी) एकच. सगळे प्रश्न एका गोटातले असले की बाकीची पोरं वडापाव आणायला निघून जातात. शेवटची फेरी कपाटातली: सात मिनिटांत 891.46, म्हणजे मराठी साहित्याच्या कपाटामधून अशी कथा काढा जिच्या पहिल्या पानावर पाऊस आहे. ‘गूगल करू का’ विचारायची सोय नाही, पुस्तकं उघडावीच लागतात. काढलेलं पुस्तक पोरांनी परत लावायचं नाही, एकदा चुकीच्या खणात गेलं की वार्षिक मोजणीपर्यंत सापडत नाही. सगळी टेबलावर ठेवायची. निवेदकाने तिथेच म्हणायचं, यातलं कुठलंही आत्ता घरी न्या. आणि इथेच आमचा फज्जा उडतो, कारण देवघेव साडेपाचला बंद आणि कार्यक्रम सहाला संपतो!

बंद नसती तरी काय होतं ते ऐक. पोराला पुस्तक हवं आहे. त्याला फॉर्म देतात. पालकांची सही, पत्त्याचा पुरावा, अनामत. पोर क्लासमधून एकटं आलेलं, खिशात परतीच्या रिक्षाचे पैसे. फॉर्म दप्तरात जातो आणि तिथेच राहतो. मी टिपणात हंगामी कार्ड मागणार आहे. एकच पुस्तक, पंधरा दिवस, अनामत नाही, पालकांचा फोन नंबर घ्यायचा आणि त्याच संध्याकाळी त्यांना फोन करायचा. तीनशे रुपयांच्या आतली पेपरबॅकच द्यायची. काही बुडतील, तेवढी रक्कम ‘गहाळ’ खाली आधीच धरायची. नोंद मात्र मुख्य वहीतच करायची, तपासणीला वेगळी वही दाखवायला गेलो की निरीक्षक आपल्यालाच शिकवतात.

कागदात गुंडाळलेली पुस्तकंही ठेवतो. खाकी कागद, वर तीन सूचक ओळी, नाव लपवलेलं. दाखलांक (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) बाहेर पेन्सिलीने लिहायचाच, नाहीतर नोंद करायला कागद फाडावा लागतो आणि गंमत जाते. मालिकेतला दुसरा खंड कधी गुंडाळायचा नाही. आत एक पट्टी: ‘कुठल्या पानावर सोडलंत?’ ‘आवडलं का’ विचारलं की सगळे ‘हो’ लिहितात, पानाचा आकडा खरा असतो.

मराठीचं दुखणं वेगळं. इंग्रजी माध्यमातली पोरं बोलतात फर्डं, पण मराठी पान वाचताना दमतात. त्यांना जाड कादंबरी द्यायची नाही. भयपट बघणाऱ्या पोराला नारायण धारपांची भयकथा, तीही पहिली दोन पानं मोठ्याने वाचून, ऐन जागी थांबून. 2017 च्या सिनेमामुळे फास्टर फेणे नावाने तरी माहीत आहे, त्याला पोस्टरशेजारी ठेवलं की उचलतात. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक (1971 पासूनचे) चित्रांसाठी चाळता चाळता वाचले जातात.

त्यातूनच एका कागदाचा, पोरांनी स्वतः काढलेला छोटा अंक निघतो. ए-फोर कागदाचे घड्या घालून आठ भाग करायचे, मग आखूड बाजू जुळवून अर्धा दुमडायचा आणि घडीच्या बाजूने मधल्या छेदापर्यंत एकच काप द्यायचा. उघड्या बाजूने कापलं की काप कडेच्या पानांत जातो आणि पुस्तिका उभीच राहत नाही. कोरी पुस्तिका आधी बनवून पानांवर बारीक आकडे टाकायचे आणि मग उलगडायची. एका ओळीचे आकडे उलटे दिसतात, ते तसेच बरोबर. चित्र काळ्या पेनाने काढायचं, पेन्सिल झेरॉक्समध्ये उमटत नाही, आणि कडेला अर्धा सेंटिमीटर मोकळा. एक पान झेरॉक्स, एक अंक. दोरीवर टांगले की पोरं मित्रांना दाखवायला घेऊन येतात, आणि तो मित्र नवा सभासद. निदान असायला हवा.

अरे हो, तू प्रोजेक्टरवर ओटीटीवरचा सिनेमा दाखवणार असल्याचं कानावर आलं. नको. ते खातं घरगुती वापरापुरतं असतं, वाचनालयात लावलं की ते सार्वजनिक प्रदर्शन होतं आणि 1957 चा कॉपीराइट कायदा आडवा येतो. हक्कधारकाची परवानगी काढ, नाहीतर पुस्तक बरं की सिनेमा यावर वाद लाव. वाद फुकट असतो, तुला तर जन्मजात जमतो.

वहिनींचं गुडघ्याचं काय ठरलं? चिरंजीव बारावीला ना? मग त्याला आत्ता वाचनाचं काही सांगू नकोस, आमच्याकडचीही दहावी-बारावीची पोरं जानेवारीत गायब होतात. सातवी ते नववी धरूनच आखावं लागतं. रविवार ठेवला असता, पण मेगाब्लॉक. घराचा रंग झाला का? झाला असेल.

माझी अडचण एवढीच. हंगामी कार्डाची कलमं तुझ्या वाचनालयात तू दोन ओळींत बसवली होतीस आणि तुझ्या कार्यकारिणीने ती मान्य केली होती. तो मसुदा मला हवा. कार्डाशिवाय माझ्या टिपणात ‘पोरांना रांगेत पुस्तकं दिसली पाहिजेत’ आणि ‘देवघेव साडेसहापर्यंत उघडी हवी’ या दोन मागण्या आहेत. पहिली ऐकून हसतील, दुसरीला ओव्हरटाइम म्हणतील. तू कार्यवाहांच्या बाजूने बोल, मी उत्तरं देतो. मला तालीम हवी आहे आणि इतकं टोचून बोलणारा दुसरा कोणी माझ्याकडे नाही.

सोमवारी रात्री नऊनंतर फोन कर. मसुद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, सरळ काढ, मागच्या वेळी तुझा अंगठाच जास्त आला होता.

तुझा,
बंड्या

ता. क. भडंग पाठवायचं कबूल केलं होतंस. दोन किलो. शेंगदाणे वेगळे.