शक 822 ची कर्जमाफी

मनिला

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

इथलं राष्ट्रीय संग्रहालय पाहून आलो आणि तुझी फार आठवण झाली. प्रवेश फुकट, त्यामुळे शाळकरी पोरांची ही गर्दी! सगळे आधी धावतात ललितकलेच्या इमारतीत, हुआन लुनाचं ‘स्पोलिआरियम’ बघायला. 1884 साली माद्रिदला सुवर्णपदक मिळालेलं चित्र, रुंदी साडेसात मीटरच्या वर. मेलेल्या ग्लॅडिएटरांना फरफटत नेतायत. स्पेनच्या अमलाखालच्या फिलिपिनो लोकांना त्यात आपलीच गत दिसली. चित्र थोर आहे, वादच नाही. पण मी रेंगाळलो तो मानववंशशास्त्राच्या इमारतीत.

तिथे पलावानच्या गुहेत सापडलेला मानुंगुल रांजण आहे. मृताची हाडं ठेवायचा. झाकणावर होडी, होडीत दोघं जण. मागचा वल्हवतोय, पुढच्याचे हात छातीशी. अडीच हजार वर्षांहून जुना.

आणि तुझ्या कामाची गोष्ट: एक ताम्रपट! वहीच्या पानाएवढा, 1989 मध्ये लागुना प्रांतात नदीतली वाळू उपसताना सापडलेला. लिपी कावी, म्हणजे जुनी जावातली, भाषा मुख्यतः जुनी मलय, आणि सुरुवात काय? स्वस्ति, शकवर्ष 822, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार! म्हणजे 21 एप्रिल 900. तेव्हा आपल्याकडे दुसरा कृष्ण राष्ट्रकूट गादीवर. ज्यांचे ताम्रपट तू भिंग लावून वाचत बसतोस, तेच घराणं.

पण आपल्या पटांत बिरुदांची माळ, दान दिलेलं गाव आणि दान मोडणाऱ्याला साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होण्याचा शाप. इथे चक्क घरगुती मामला. नम्वरान नावाच्या गृहस्थाच्या डोक्यावर एक काटी आठ सुवर्ण (ही तेव्हाची वजनं) एवढ्या सोन्याचं कर्ज होतं. ते माफ झाल्याचा लेख त्याच्या मुलांना, अंगकातान आणि तिचा भाऊ बुका यांना, करून दिलाय. साक्षीला आसपासच्या गावांचे मुखिये. मला तरी राजाच्या बिरुदांपेक्षा हे वाचायला जास्त आवडलं.

गंमत म्हणजे मजकूर मध्येच तुटतो. पुढेमागे कोणी म्हणालं की कर्ज फिटलेलं नाही, तर... आणि पत्रा संपला! दुसरा असणार, पण तो सापडलेला नाही.

राष्ट्रकूटांच्या किंवा शिलाहारांच्या एखाद्या पटात असा देण्याघेण्याचा हिशेब तुझ्या पाहण्यात आलाय का? असेल तर वाचन पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल