हार्ड झोनिंगचे पैसे घेतले, मग हे काय?

प्रति,
प्रमुख, सेवा विभाग

विषय : सॅन स्विचवरील (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या स्विचवरील) झोनिंगचे, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणते स्टोरेज दिसावे ते ठरवण्याचे, काम करारानुसार न झाल्याबाबत

महोदय,

गेल्या शनिवारी रात्री पावणेबाराला तुमचा इंजिनिअर आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हर रूममध्ये नवा बॅकअप सर्व्हर जोडत होता. ‘ए फॅब्रिकचं कॉन्फिगरेशन डिसेबल करून परत एनेबल करतो, दोन मिनिटांचं काम आहे,’ असे म्हणून त्याने कमांड दिली. (ए आणि बी ही सर्व्हर व स्टोरेज जोडणारी आमची दोन वेगळी जाळी.) शेजारच्या विंडोज सर्व्हरच्या स्क्रीनवर लगेच अकरा अनोळखी डिस्क आल्या आणि त्या ‘इनिशिअलाइझ’ करायच्या का, अशी चौकट उघडली. त्यातल्या चार आमच्या ठेवी-कर्जाच्या डेटाबेसच्या. आमच्या नव्या मुलाचा हात माउसवर होता. मी ओरडलो म्हणून तो थांबला. ‘ओके’ दाबले असते तर विंडोजने डिस्कच्या सुरुवातीलाच आपली नोंद लिहिली असती, आणि सोमवारी काउंटरवर कोणाला काय सांगायचे, हे तुम्हीच मला सांगा.

हे घडले कारण डिफॉल्ट झोन, म्हणजे कोणतेही झोनिंग लागू नसताना चालणारा नियम, तुम्ही ‘ऑल अॅक्सेस’वर सोडला होता. कॉन्फिगरेशन उतरले की सगळ्यांना सगळे खुले. ‘नो अॅक्सेस’ असता तर ए फॅब्रिक तेवढा वेळ मुका झाला असता आणि बी फॅब्रिकवर काम चालू राहिले असते. मुळात डिसेबल करायची गरजच नव्हती; नवा झोन घालून सेव्ह आणि एनेबल केले की भागते. डेटा हलवताना ‘तात्पुरते’ सगळ्या होस्टना (सर्व्हरना) उघडलेले लन मास्किंगही, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणती डिस्क दाखवायची ते स्टोरेजवर ठरवणारे बंधनही, तुमच्या माणसांनी सहा महिन्यांत पुन्हा आवळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्विचवर ‘पोर्टझोनशो’ ही कमांड चालवून पाहिले. करारात प्रत्येक फ्रेम (डेटाचा तुकडा) स्विचच्या चिपमध्येच तपासली जाईल, असे हार्डवेअर (हार्ड) झोनिंग लिहिले आहे आणि बिलात त्याची वेगळी ओळ आहे. स्टोरेजच्या दोन पोर्टसमोर मात्र ‘सेशन बेस्ड’ दिसते. जुने झोन डब्ल्यूडब्ल्यूएनवर (उपकरणाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावर), बॅकअपचा नवा झोन पोर्ट क्रमांकावर, आणि स्टोरेजचे तेच पोर्ट दोन्हींत. अशी सरमिसळ झाली की स्विच फक्त लॉगिनच्या वेळी तपासतो, पुढच्या फ्रेमकडे बघत नाही. फाटकावर नाव विचारणारा, पण आत गेलेला माणूस कोणत्या खोलीत शिरला ते न पाहणारा वॉचमन आम्ही मागितला नव्हता.

तुमच्या हेल्पडेस्कचे उत्तर होते : ‘सर, झोनिंग आहे ना? सर्व्हर चालतायत ना?’ याच उत्तरावर तिकीट बंद केले. त्या रात्रीही सर्व्हर चालतच होते.

येत्या शनिवारी रात्री दहानंतर अनुभवी माणूस पाठवा, शिकाऊ नको. पोर्ट क्रमांकावरचा झोन काढून सगळे डब्ल्यूडब्ल्यूएनवर घ्या, एका झोनमध्ये एकच होस्टचे कार्ड ठेवा, दोन्ही फॅब्रिकवर डिफॉल्ट झोन ‘नो अॅक्सेस’वर करा आणि मास्किंग आवळा. एका वेळी एकच फॅब्रिक, माझ्यासमोर, आधी कॉन्फिगरेशनची प्रत काढून. काम झाल्यावर प्रत्येक पोर्टसमोर काय दिसते त्याचा प्रिंट सही करून द्यावा लागेल.

तो हातात येईपर्यंत देखभाल कराराचा दुसरा हप्ता आमच्या लेखा विभागाने रोखून धरला आहे.

आपला,
व्यवस्थापक, संगणक विभाग