चवथीआधी सोपोच्या दराचा फलक लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी तोंडावर आली आणि आमच्या पालिकेनं परवाच्या बैठकीत बाजारातल्या सोपो वसुलीच्या कंत्राटाला परत मुदतवाढ दिली, वर दरही वाढवले. हा विषय अजेंड्यावर नव्हताच. शेवटी सगळे खुर्च्या मागे सारायला लागले तेव्हा ऐनवेळचा विषय म्हणून वाचला, कोणीतरी सूचक, कोणीतरी अनुमोदक, झालं मंजूर. मी तिथे मागच्या बाकड्यावर बसलो होतो म्हणून कळलं. पालिकेचं नाव लिहीत नाही, कारण मला कोणा एका नगरसेवकाशी भांडायचं नाही, आणि गोव्यात 13 पालिका आहेत त्यातल्या कुठल्याही बाजारात जाणाऱ्या माणसाला मी काय म्हणतोय ते समजेल.

सोपो म्हणजे बाजारात जमिनीवर बसून विकणाऱ्यांकडून जागेचे घेतात ते पैसे. गावठी भाजी, मोयऱ्याची केळी, खोल्याची मिरची, सुकी मासळी, काहीही घेऊन बसा, सोपो द्यावाच लागतो. त्याला माझी हरकत नाही, बाजार झाडायला, नळाला, लाईटला पैसे लागतातच. हरकत आहे ती तो कसा घेतात त्याला.

गेल्या वर्षी चवथीच्या दोन दिवस आधी सकाळी साडेसहाला मी माटोळीचं (गणपतीच्या वर फळं, पानं बांधलेली लाकडी चौकट टांगतात तिचं) सामान घ्यायला गेलो. गेटच्या उजव्या बाजूला एक म्हातारी बसलेली, पुढ्यात गोणपाट, त्यावर कांगलां, माट्टीची फळं, आंबाड्यांचे घोस आणि चार तोरिंगं. हे सामान कुठल्या मळ्यात पिकत नाही, दोन दोन दिवस रानात हिंडून जमवावं लागतं, पाऊस, जळवा सगळं सोसून, आणि विकलं जातं ते फक्त चवथीच्या तीन चार दिवसांत, नंतर फुकट दिलं तरी कोण नेत नाही. तिची अजून बोहनी झाली नव्हती. तेवढ्यात सोपोवाला पोरगा आला, पन्नास मागितले. तिनं कमरेची पिशवी सोडली, दहाच्या नोटा मोजून मोजून दिल्या. त्यानं पावती फाडून दिली ती 10 रुपयांची. मी विचारलं, अरे पन्नास घेतलेस ना? तो म्हणाला सणाचा दर वेगळा. मग पावतीवर तसं लिही म्हटलं तर मला सोडून पुढच्या बाईकडे गेला. म्हातारी मलाच म्हणाली, "दितां बाबा, ना जाल्यार फाल्यां बसूंक दिवचे ना." (देते बाबा, नाहीतर उद्या बसायला देणार नाहीत.) पावती तिनं माझ्या हातात दिली, तिला वाचता येत नव्हती. त्या दिवशी गेटपासून मासळी मार्केटपर्यंत मी मोजल्या, 64 बायका बसल्या होत्या.

आता यात एकट्या पोराला दोष देऊन उपयोग नाही, कारण मुळात कंत्राटाची रीतच तशी आहे. पालिका पावणी म्हणजे लिलाव करते, जास्त बोली लावेल त्याला वसुलीचा हक्क, त्यानं ठरलेली रक्कम पालिकेला भरायची. पालिकेचे पैसे ठरलेले, मग त्यावर जे काय गोळा होईल ते सगळं कंत्राटदाराचं. म्हणजे दहाचे पन्नास झाले तर वरचे चाळीस पालिकेच्या तिजोरीत येतच नाहीत, रस्त्याला नाही, गटाराला नाही. मी 22 वर्षं एका पतसंस्थेत हिशेब लिहिले, ज्या पैशाची पावती नाही तो पैसा कुठल्याच वहीत सापडत नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि पावणीच न करता जुन्यालाच मुदतवाढ दिली की निदान बोली तरी वाढेल ही आशाही संपली. बाजार वाढला, बसणारे वाढले, कंत्राटाची रक्कम जुनीच.

केंद्राचा पथविक्रेत्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यात शहर पथविक्रेता समिती आहे, त्या समितीत निदान 40 टक्के सदस्य हे विकणाऱ्यांनी स्वतः निवडून दिलेले पाहिजेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. आमच्या बाजारातल्या किती बायकांना हे माहीत आहे? मी सात आठ जणींना विचारलं, एकीलाही नाही. दर वाढवण्याआधी त्यांना कोणी विचारलं पण नाही.

दुसरी गोष्ट, आणि ही शहरात राहणाऱ्या सगळ्यांची आहे. माझी बहीण पंचायतीच्या हद्दीत राहते, तिकडे रविवारी ग्रामसभा असते, लोक उठून सरपंचाला विचारतात, ह्या बिलाचं काय, त्या बांधकामाचं काय, तासन्‌तास चालते. आम्हाला शहरवाल्यांना तशी जागाच नाही. 74 व्या घटनादुरुस्तीत वॉर्ड समित्या आहेत पण त्या 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच सक्तीच्या. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याचीच लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख, 3 लाखांचं एकही शहर नाही. म्हणजे आमच्यासाठी राहते ती पालिका मंडळाची बैठक, आणि तिथे आम्ही फक्त ऐकायचं. तेव्हा निदान जे पैशाचे विषय आहेत, दरवाढ, कंत्राट, मुदतवाढ, ते तरी ऐनवेळी आणू नका, आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर लावा एवढं मागणं काय जास्त आहे? माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे अशी माहिती कोणी न मागताच द्यायची असते, 10 रुपयांचा अर्ज करून 30 दिवस वाट बघायला लावायची नसते.

दरवाढीचं कारण सांगितलं उत्पन्न कमी पडतं. मग पालिकेच्या स्वतःच्या मार्केटातल्या दुकानांचं भाडं बघा ना. वर्षानुवर्षांचं जुनं भाडं, त्यातही थकबाकी, आणि काही दुकानं पोटभाड्यानं दिलेली हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे. अंदाजपत्रकात भाड्याची आणि घरपट्टीची थकबाकी जमेत दाखवतात, वर्षअखेर ती तशीच पुढच्या वर्षी. शटरवाल्याला नोटीस द्यायला वर्षं जातात आणि गोणपाटावर बसलेल्या बाईकडून सकाळी साडेसहाला, बोहनीआधी वसुली. हे बघून खरंच जीव तुटतो. कचरा शुल्क पण वाढवलंय, त्यावर वेगळं लिहीन.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुदतवाढ रद्द करून पावणी करा, आणि पावणीला वेळ लागत असेल तर चवथीचे चार दिवस पालिकेच्या स्वतःच्या कामगारांकडून वसुली करा, नंबर छापलेल्या पावतीवर. आणि गेटवर मोठ्या अक्षरात दराचा फलक लावा, मराठीत आणि कोकणीत, किती जागेला किती रुपये, तक्रार कोणाकडे करायची त्या अधिकाऱ्याचा फोन नंबर. माटोळीचं सामान घेऊन येणाऱ्यांना ते चार दिवस सोपो माफच केला तर पालिका बुडणार नाही, पण तो निर्णय मंडळानं घ्यावा, उघडपणे.

संपादक साहेब, माटोळीच्या बाजाराला तुमचा बातमीदार सकाळी सहाला पाठवा. मी गेटकडेच असेन. गेल्या वर्षीची ती 10 रुपयांची पावती माझ्याकडे आहे, त्याला दाखवीन.

आपला,
एक नियमित वाचक, गोवा